राजीनामा न देता मोठा होणारा नायक दाखवा (इंग्रजी सिनेमे)

शेवग्याची_शेंग

मंडळी, मदत हवी आहे.

आमचा कारखाना चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवतो. महिन्यातल्या एका शनिवारी नव्या भरतीच्या मुलामुलींसाठी दोन तास 'व्यक्तिमत्त्व विकास' असतो. आजवर बाहेरून कुणीतरी टाय लावलेला गृहस्थ यायचा आणि कागदी विमानं उडवायला लावायचा. यंदा साहेबांच्या डोक्यात आलं की सिनेमा दाखवायचा. "इंग्रजी लावा, मोटिवेशनल लावा, ग्रोथ दिसली पाहिजे," एवढं बोलून ते मीटिंगला गेले आणि निवड माझ्या गळ्यात पडली.

मी हौसेनं यादी करायला बसले आणि पाचव्या नावाशी थबकले. द डेव्हिल वेअर्स प्राडा: शेवटी पोरगी पॅरिसच्या कारंज्यात फोन टाकून चालू लागते. जेरी मग्वायर: नोकरी जाते तिथून खरा सिनेमा सुरू. शेफ: मालकाशी भांडून बाहेर पडतो आणि फूड ट्रक काढतो. ऑफिस स्पेस: कॉम्प्युटर सोडून बांधकामावर फावडं मारायला जातो, आणि सुखी होतो. गुड विल हंटिंग: सगळ्यांनी खटपट करून मिळवून दिलेली नोकरी सोडून पोरगी गाठायला कॅलिफोर्नियाला. हे सगळं दाखवून सोमवारी निम्मी बॅच नोटीस घेऊन दारात उभी राहिली तर माझीच ग्रोथ खुंटायची.

म्हणून प्रश्न असा. माणूस त्याच नोकरीत, त्याच टेबलाशी राहतो आणि तरी शेवटी पहिल्यापेक्षा मोठा झालेला असतो, असा पाश्चात्त्य सिनेमा आहे का? अटी: दोन तासांच्या आसपास, सहकाऱ्यांबरोबर बसून बघता येईल असा, सबटायटल्स हवीत. हिंदी-मराठी सुचवू नका, साहेबांच्या लेखी ते 'टाइमपास'मध्ये येतात.

गोट्या_४११०३०

वाढ म्हणजे नक्की काय ते स्पष्ट करा. आमच्याकडे 'वाढ' म्हटलं की भात येतो.

शेवग्याची_शेंग

@गोट्या, आमच्याकडे एप्रिलमध्ये रिकामी ताटं फिरतात.

गोट्या_४११०३०

मग द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट लावा. ग्रोथच ग्रोथ.

ताकभात

दुसरी अट वाचली का गोट्याभाऊ?

रेघोट्या

शेंगताई, प्राडाला यादीतून इतक्या लवकर काढू नका. ती सोडून जाते हे खरं, पण तिची वाढ सोडून जाण्यात नाही. ती आधीच झालेली असते.

तो निळ्या स्वेटरचा प्रसंग आठवा. दोन सारखेच वाटणारे पट्टे बघून अँडीला, म्हणजे त्या पोरीला, हसू येतं, आणि तिची बॉस, फॅशन मासिकाची संपादक मिरांडा (मेरिल स्ट्रीप) आवाज अजिबात न चढवता तिला सांगते की बाई, तुझ्या अंगावरचा तो रंग नुसता निळा नाही, सेरुलियन आहे. तो आधी बड्या डिझायनरांच्या कपड्यांत आला, मग दुकानांत झिरपला आणि शेवटी सेलच्या ढिगातून तू उचललास. तुला वाटतं तू फॅशनच्या पलीकडची, पण तुझा स्वेटर याच खोलीतल्या माणसांनी निवडलाय.

मी स्वतः पॅकेजिंग डिझाइनमध्ये आहे. पहिल्या नोकरीत साबणाच्या वेष्टनासाठी दोन करड्या छटांवर दीड तास चर्चा चालली होती. मी मधेच म्हणाले, "दोन्ही सारख्याच तर आहेत." कुणी ओरडलं नाही. एका ज्येष्ठ बाईंनी दोन्ही नमुने उचलले, मला खाली किराणा दुकानात नेलं आणि ट्यूबलाइटखाली फळीवर ठेवले. एक दिसत होता, दुसरा शेजारच्या डब्यात विरघळला होता. त्या दिवशी मला नोकरी लागली असं मी धरते, अपॉइंटमेंट लेटर चार महिने आधीचं असलं तरी.

आणि अँडी सोडते का, तर काम जमत नाही म्हणून नव्हे. मिरांडानं आपल्या विश्वासू सहकाऱ्याचा, नायजेलचा, बळी दिला तसाच आपण ऑफिसातल्या एमिलीचा पॅरिस दौरा खाल्ला, हे तिला गाडीत बसल्या बसल्या कळतं म्हणून. राजीनामे सगळे सारखे नसतात हो.

ताकभात

रेघोट्या, +१. आणि तो बॉयफ्रेंड! स्वतः हॉटेलात स्वयंपाकी, म्हणजे संध्याकाळी घरी नसण्याचं त्याला कौतुक नसावं, तरी बायकोनं (होणाऱ्या) वाढदिवस चुकवला म्हणून फुगून बसतो. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला त्याचं पटलं होतं. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा माझं लग्न झालेलं होतं.

ठेका_चुकला

आता कुणीतरी व्हिप्लॅश म्हणेलच, म्हणून आधीच सांगतो: लावू नका.

डेन्व्हरकर

मी म्हणणारच होतो. व्हिप्लॅशसारखा सिनेमा नाही. २०१४, डेमियन शझेल, १९ दिवसांत चित्रीकरण संपवलं होतं. जे. के. सिमन्सला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर, शिवाय संकलन आणि ध्वनीचंही. शेवटची नऊ-दहा मिनिटं मी ट्रेडमिलवर बघतो. मेहनतीवर याहून चांगलं काय दाखवणार?

ठेका_चुकला

तुम्ही ट्रेडमिलवर बघता यातच सगळं आलं. त्या सिनेमात संगीत नाहीच, वेग आहे. ड्रम शिकणाऱ्या पोराच्या हाताला फोड, फोडातून रक्त, हात बर्फाच्या पाण्यात, पाणी लाल. आणि फ्लेचर मास्तर 'आणखी जलद'.

मी बारा वर्षं तबला शिकलो. नाव काढलं नाही, पण शिकलो. माझ्या गुरुजींनी चार महिने एकच कायदा दिला होता, 'धा धा तिरकिट धा धा तू ना', तोही विलंबित लयीत. कंटाळून मी एकदा दुगुन पकडली. ते रागावले नाहीत. उठून चहा करायला आत गेले. चहा होईपर्यंत मी परत ठाय लयीवर आलो होतो, कारण समोर ऐकणारं कुणी नसलं की आपलं आपल्याला ऐकू येतं. त्यांनीही मारलेलं मी पाहिलंय, वेगळ्या मुलाला, आणि तो मुलगा तबला सोडून गेला. तो चार्ली पार्कर (जाझमधला थोर सॅक्सोफोनवादक) झाला नाही. मार खाऊन जे पार्कर झाले नाहीत त्यांच्यावर सिनेमा निघत नाही एवढंच.

आणि तो पार्करचा किस्साही वाकवलेला आहे. फ्लेचर सांगतो की ड्रमवादक जो जोन्सनं झांज पार्करच्या डोक्याच्या दिशेनं फेकली, मुंडकंच उडायचं. मुळात ती जमिनीवर, त्याच्या पायाशी टाकली होती, 'बस कर, उतर' या अर्थानं. अपमान होता, खून नव्हता. फ्लेचरच्या सगळ्या तत्त्वज्ञानाचा पाया ही एक गोष्ट, आणि तीच तो चुकीची सांगतो.

झाडीपट्टी

आमच्या शाळेत फ्लेचर सर गणित शिकवत होते न भाऊ. झांज नव्हती, डस्टर होता. डोक्याच्याच दिशेनं यायचा. आम्ही कोणीच रामानुजन झालो नाही.

डेन्व्हरकर

@ठेका, मान्य, पण दिग्दर्शक फ्लेचरच्या बाजूचा नाही. तो स्वतः शाळेत असताना अशाच कडक जाझ बँडमध्ये ड्रम वाजवायचा, त्या भीतीतूनच सिनेमा आला. जुन्या विद्यार्थ्याच्या मृत्यूबद्दल फ्लेचर खोटं बोलतो, अपघात सांगतो, प्रत्यक्षात त्या मुलानं गळफास घेतलेला असतो. हे दिग्दर्शकानं उगाच घातलेलं नाही.

ठेका_चुकला

आणि शेवटी बाप दाराच्या फटीतून बघत असतो तो चेहरा. सगळे टाळ्या वाजवतात, बापाला दिसतं की पोरगं हातचं गेलं. ट्रेडमिलवर तो शॉट निसटतो बहुतेक. हा सिनेमा थोर आहे हे मलाही मान्य. तेवीस वर्षांच्या पोरांना शनिवारी सकाळी सुपरवायझरच्या शेजारी बसवून दाखवण्याजोगा नाही. त्यातला सुपरवायझर चुकीचा धडा घेऊन घरी जाईल.

सुतारपक्षी

ठेका यांच्या शेवटच्या वाक्यावर माझा अनुभव. मी औषधविक्रीत होतो. एका ट्रेनिंगमध्ये आम्हाला ग्लेनगॅरी ग्लेन रॉस (१९९२) मधला अलेक बाल्डविनचा प्रसंग दाखवला. पहिलं बक्षीस कॅडिलॅक, दुसरं स्टेक कापायच्या सुऱ्या, तिसरं म्हणजे घरी बसा. दाखवणारे साहेब भारावून गेले होते. गंमत म्हणजे ते पात्र मूळ नाटकात नाहीच, सिनेमासाठी मुद्दाम लिहिलेलं आहे, आणि त्याच्या भाषणानंतर त्या ऑफिसात काय होतं? चोरी. साहेबांनी क्लिप चोरीच्या आधीच थांबवली होती.

याच चालीवर माझी शिफारस: नाइटक्रॉलर (२०१४). नायक लू ब्लूम सगळं ऑनलाइन शिकतो, ध्येय ठरवतो, वाटाघाटी करतो, हाताखालच्या पोराला कामगिरीचा आढावा देतो. शेवटी दोन नव्या व्हॅन, नवा स्टाफ. व्यावसायिक प्रगतीचा इतका आखीव आलेख कुठल्या सिनेमात नाही. फक्त माणूस राक्षस आहे. त्याची भाषा ऐका, आपल्या सगळ्यांच्या अप्रेझल फॉर्ममधली आहे.

शेवग्याची_शेंग

सुतारपक्षी, तुमची शिफारस साहेबांना न सांगता कळवते.

हळदीकुंकू_नको

धाग्याचा प्रश्न वाचून पहिलं मनात आलं ते सांगते. राजीनामा ही चैन आहे. ज्यांना ती परवडत नाही त्यांचे सिनेमे बघा, तिथे तुमचं उत्तर आहे.

हिडन फिगर्स (२०१६). नासाच्या लँगली केंद्रात हातानं गणितं करणाऱ्या तीन कृष्णवर्णीय बायका: कॅथरिन जॉन्सन, डोरोथी व्हॉन, मेरी जॅक्सन. त्या तिघींनी 'माझ्या आतल्या आवाजाचं ऐकते' म्हणून पर्स उचलली असती तर बाहेर त्यांच्यासाठी काय होतं? म्हणून त्या तिथेच पाय रोवून मोठ्या होतात. आयबीएमचं यंत्र येतंय आणि आपली नोकरी खाणार हे डोरोथीला दिसतं, तेव्हा ती फोरट्रान (कॉम्प्युटरची भाषा) शिकते आणि एकटी नाही, सगळ्या बायकांना शिकवते. यंत्र सुरू होतं तेव्हा चालवणाऱ्या तयार असतात. शेंगताई, तुमच्याकडे रोबोट आले की नाही अजून वेल्डिंगला?

सुतारपक्षी

सिनेमा उत्तम, पण इतिहास म्हणून दाखवू नका. गोष्ट १९६१-६२ ची म्हणून सांगितली आहे. डोरोथी व्हॉन यांच्याकडे विभागाची जबाबदारी १९४९ मध्येच आली होती, आणि मेरी जॅक्सन १९५८ मध्ये इंजिनीअर झाल्या होत्या. साहेब झालेला केविन कॉस्टनर हातोडा घेऊन बाथरूमवरची 'कृष्णवर्णीय बायकांसाठी' ही पाटी फोडतो तो प्रसंग तर काल्पनिकच. कॅथरिनबाई सरळ जवळचं बाथरूम वापरायच्या.

हळदीकुंकू_नको

हो, आणि मला तेच खटकतं. खऱ्या बाईनं स्वतःच दुर्लक्ष करून सोडवलेला प्रश्न सिनेमात साहेबाच्या हातोड्यानं सुटतो. टाळ्या साहेबाला. तरी डोरोथीसाठी बघाच.

डेन्व्हरकर

'राजीनामा ही चैन' याला माझं अनुमोदन. एच-वन-बीवर (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर) असताना नोकरी गेली की ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवी नोकरी, दुसरा व्हिसा नाहीतर सामान बांधा. कारंज्यात फोन टाकायचा कसला, फोन तर हातात धरूनच झोपतो माणूस.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमला व्हिडिओ कॉलवर काढलं. मी वाचलो, शेजारचे चौघे गेले. त्या आठवड्यात अप इन द एअर (२००९) पुन्हा पाहिला. जॉर्ज क्लूनी गावोगाव विमानानं फिरून लोकांना कामावरून काढतो, आणि नवी मुलगी म्हणते, फिरायचं कशाला, स्क्रीनवरून काढू. २००९ मध्ये ते दृश्य मला विनोदी वाटलं होतं. त्यात काढून टाकले जाणारे बरेचसे चेहरे नट नाहीत. सेंट लुइस आणि डेट्रॉइटमधली खरोखर नोकरी गेलेली माणसं आहेत. त्यांना सांगितलं, कॅमेऱ्यासमोर तेव्हा जे बोललात ते बोला, किंवा बोलायचं राहिलं ते बोला. क्लूनीची वाढ होते की नाही यावर वाद घालता येईल, माझी थोडी झाली. त्या चौघांना मी फोन केले. आधी करणार नव्हतो, काय बोलायचं म्हणून.

बरं, मूळ प्रश्नाला उत्तर: मनीबॉल (२०११). ओकलंडच्या बेसबॉल संघाचा मॅनेजर बिली बीन. पैसे नाहीत, चांगले खेळाडू श्रीमंत संघ उचलून नेतात. मग हा आकडेमोड करून, कुणाला नको असलेले खेळाडू गोळा करतो. २००२ मध्ये सलग २० सामने जिंकतात. शेवटी बॉस्टनचा संघ त्याच्यापुढे साडेबारा दशलक्ष डॉलर ठेवतो आणि तो नाही म्हणतो. ओकलंडलाच राहतो. तरुणपणी कॉलेजची शिष्यवृत्ती सोडून पैशासाठी खेळायला गेला होता, ते फसलं, म्हणून.

गोट्या_४११०३०

साडेबारा दशलक्ष नाकारणारा नायक अप्रेझलच्या आधी दाखवायचा? शेंगताईंचे साहेब तुम्हाला मिठी मारतील.

खिडकीतला

पॅटरसन. २०१६, जिम जार्मुश.

न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावात पॅटरसन नावाचा बस ड्रायव्हर. सोमवार ते सोमवार. सकाळी उठतो, बस काढायच्या आधी वहीत चार ओळी लिहितो, दिवसभर प्रवाशांची बोलणी ऐकतो, संध्याकाळी कुत्रा फिरवतो, एक बिअर पितो. नोकरी सोडत नाही, पुस्तक छापत नाही, कुणाला दाखवतही नाही. शेवटी कुत्रा वही फाडतो. मग एक जपानी पाहुणा त्याला कोरी वही देतो. संपला.

त्याची वाढ झाली का, मला सांगता येणार नाही. पण मी तो बघितल्यापासून लोकलमध्ये हेडफोन लावत नाही.

ताकभात

दोन तास बस चालवतो? कात्रजहून स्वारगेटला तेवढ्यात मी पण पोचते.

खिडकीतला

ताकभात, ती बस मधेच बंदही पडते. तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. आणि नटाचं आडनाव ड्रायव्हर, त्यानं या भूमिकेसाठी खरोखर बसचं लायसन्स काढलं होतं.

झाडीपट्टी

कुत्र्याचं कोण कौतुक करणार? नेली नावाची कुत्री होती ती, कान महोत्सवात कुत्र्यांसाठीचं बक्षीस मिळालं तिला, गेल्यानंतर. या धाग्यातली सर्वांत खरी करिअर ग्रोथ.

ताकभात

हसून झालं, आता माझं. सोल (२०२०), पिक्सारचा. कार्टून म्हणून साहेब नाक मुरडतील, पण ऐका.

जो गार्डनर शाळेत संगीत शिकवतो, तात्पुरता. पहिल्याच प्रसंगात मुख्याध्यापिका आनंदानं सांगते, तुम्हाला कायम केलं! विमा, पेन्शन, सगळं. जोचा चेहरा असा पडतो की बास. त्याला जाझचा पियानोवादक व्हायचंय. आणि त्याची आई, 'अगंबाई, पर्मनंट!' हे फक्त मराठीत म्हणायचं बाकी ठेवते. मी ते बघून सोफ्यावरून पडले, कारण माझ्या आईनं माझ्या बीएडच्या ऑर्डरला हळद लावली होती.

पुढे त्याला हवा असलेला कार्यक्रम मिळतो, मनासारखा वाजतो, आणि बाहेर रस्त्यावर तो त्या मोठ्या कलावतीला विचारतो, आता पुढे काय? ती म्हणते, उद्या रात्री यायचं आणि पुन्हा हेच करायचं. इथे मी रिमोट खाली ठेवला. म्हणजे स्वप्नातली नोकरीसुद्धा शेवटी नोकरीच!

त्यातला न्हावीही विसरू नका. त्याला गुरांचा-कुत्र्यांचा डॉक्टर व्हायचं होतं, मुलगी आजारी पडली, केस कापायचं शिक्षण स्वस्त होतं म्हणून तिकडे गेला. जोला वाटतं, अरेरे, अडकला बिचारा. न्हावी म्हणतो, मी मजेत आहे, तू इतकी वर्षं येतोस, कधी विचारलं नाहीस. मी अकरा वर्षं शाळेत आहे. आमच्या शिपाईमावशींना काय व्हायचं होतं हे मी दुसऱ्या दिवशी विचारलं. नर्स. आमच्या शाळेत कुणाला खरचटलं की मुलं आपोआप त्यांच्याकडेच का धावतात ते मग कळलं.

निवृत्त_लेखापाल

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मी उशिरा आलो, माफी असावी. मुलीनं लावून दिला म्हणून लिव्हिंग नावाचा सिनेमा पाहिला (२०२२). मूळ कुरोसावांचा १९५२ चा जपानी इकिरू, त्यावरून काझुओ इशिगुरो यांनी पटकथा लिहिली. लंडनचे नगर कार्यालय, १९५३ साल. बिल नाय हे नट विल्यम्स नावाच्या खातेप्रमुखाचे काम करतात. तीन बायका अर्ज घेऊन येतात, बॉम्ब पडून ओसाड झालेल्या जागेवर मुलांसाठी खेळायला बाग करा. त्यांना या खात्यातून त्या खात्यात, जिना वर, जिना खाली फिरवतात. शेवटी कागद फिरून विल्यम्सच्याच टेबलावर येतो. तो म्हणतो, राहू द्या इथेच, काही बिघडत नाही. आणि ढिगात ठेवतो.

मी चौतीस वर्षे सरकारी कार्यालयात काढली. हे वाक्य मी स्वतः उच्चारलेले आहे. इंग्रजीत नाही इतकेच.

आमच्याकडे एका अंगणवाडीच्या छपराची फाईल होती. रक्कम किरकोळ. दर वेळी 'त्रुटी पूर्ततेसाठी परत' असा शेरा मारून खाली जायची. दोन पावसाळे गेले. तो शेरा माझ्या हस्ताक्षरात होता आणि नियमाप्रमाणे अगदी बरोबर होता. एकदा दौऱ्यावर त्या गावी चहाला थांबलो असता मुले ताडपत्रीखाली बसलेली पाहिली. परत आल्यावर ती फाईल मी शिपायाकडे न देता काखेत मारून स्वतः टेबलाटेबलावर नेली. उभा राहून सही घेतली. चार दिवसांत मंजुरी. सहकारी हसले, म्हणाले, 'रावसाहेब, तुमचे काय अडले आहे?'

सिनेमातला विल्यम्सही असाच फाईल घेऊन दारोदार उभा राहतो, त्याला आपला आजार कळल्यानंतर. बढती नाही, राजीनामा नाही. टेबल तेच. मला सर्वांत खरे वाटले ते त्याच्या मृत्यूनंतरचे. आगगाडीच्या डब्यात सहकारी शपथ घेतात की आपणही त्यांच्यासारखे काम करायचे. नंतर अर्ज येतो, नवा प्रमुख तो ढिगात ठेवतो. मीही छपरानंतर काही महिने फाईल काखेत नेत होतो. मग मार्चएंड आला.

शेंगताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर हा सिनेमा आहे असे वाटते.

रेघोट्या

काका, यापुढे कुणी काही लिहू नका खरं तर.

गोट्या_४११०३०

काका, दंडवत. पण रेघोट्याताई, एक लिहायचं राहिलंय माझं, ते लिहितोच. ग्राउंडहॉग डे (१९९३). टीव्हीवर हवामान सांगणारा बिल मरे. त्याच गावात, त्याच दिवसात अडकतो, रोज सकाळी तोच रेडिओ. आधी माज करतो, मग जीव द्यायला बघतो, मग कंटाळून पियानो शिकतो, झाडावरून पडणाऱ्या पोराला रोज त्याच वेळी झेलतो, आणि ते पोरगं एकदाही थँक्यू म्हणत नाही. नोकरी शेवटपर्यंत तीच.

आमच्या ऑफिसातही रोज तोच दिवस असतो. मी फक्त अजून पियानोपर्यंत पोचलेलो नाही.

हळदीकुंकू_नको

गोट्या, हा तुझा पहिला कामाचा प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

शेवग्याची_शेंग

तीन आठवड्यांनी धागा वर आणतेय, हिशेब द्यायला हवा.

लेखापालकाकांचा लिव्हिंग मी साहेबांपुढे ठेवला. "शेवटी हिरो मरतो?" "शेवटी नाही साहेब, मधेच." नाकारला. सोल: "कार्टून?" पॅटरसन: "पण होतं काय त्यात?" शेवटी यादीत खाली मीच टाकलेला द इंटर्न (२०१५) त्यांनी नावावरूनच पास केला, कारण आमच्याकडे इंटर्न भरपूर आहेत. त्यातला इंटर्न सत्तर वर्षांचा रॉबर्ट डी नीरो आहे हे त्यांना पडद्यावर कळलं.

तर गोष्ट थोडक्यात: बायको गेलेला निवृत्त बेन, कपडे ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीत सीनियर इंटर्न म्हणून लागतो. मालकीण अॅन हॅथवे, म्हणजे प्राडावाली पोरगीच, आता स्वतः बॉस. (रेघोट्या, हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं.) ऑफिस ज्या इमारतीत आहे तिथे पूर्वी टेलिफोन डिरेक्टरी छापायचा कारखाना होता आणि बेननं हयात तिथेच घालवली. त्याला तिथली झाडंसुद्धा माहीत. आणि मुख्य, कुणीही राजीनामा देत नाही. मालकिणीवर बाहेरचा सीईओ आणायचा दबाव असतो, ती आणत नाही, आपली खुर्ची राखते.

मुलांपैकी निम्मी मोबाइलमध्ये, दोघं झोपलेले, खोटं कशाला सांगू. मात्र टूलरूमचे एक काका (आणखी पाच महिन्यांनी निवृत्त) प्रोजेक्टर लावून द्यायला आले होते ते दाराशी उभेच राहिले. पूर्ण पाहिला. संपल्यावर प्रश्न कुणाला आहेत का विचारलं, तर एकच हात वर, त्यांचा. "मॅडम, त्या म्हाताऱ्याला पगार किती देतात?" साहेब म्हणाले, मुद्दा तो नाही. काका म्हणाले, "नाही साहेब, मला मुद्दा कळला. पगार विचारतोय."

आता खरी गंमत. सिनेमात ऑफिसच्या मधोमध एक टेबल असतं, ज्यावर जो तो नको ते टाकतो. मालकीण रोज त्याच्याकडे बघून वैतागते, आणि बेन एका सकाळी लवकर येऊन ते आवरून ठेवतो. आमच्याकडेही स्टोअरच्या दाराशी अगदी तसंच टेबल आहे. सोमवारी पहिल्या शिफ्टला बघते तर लख्ख! दोन मुली आणि एक मुलगा, नव्या बॅचचे, रविवारच्या ओव्हरटाइमला येऊन आवरून गेले होते. पुसलेलंसुद्धा. मला भरून आलं, साहेबांना फोटो पाठवला, साहेबांनी वर पाठवला.

मंगळवारी ऑडिट. आणि गेजची (मोजमापाच्या उपकरणांची) कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं, म्हणजे ती अचूक मोजतात याचे प्रयोगशाळेचे दाखले, त्या टेबलावर होती.

झाडीपट्टी

अरे देवा.

ठेका_चुकला

फ्लेचरला बोलावू का?

शेवग्याची_शेंग

नको, ती पोरं आधीच रडकुंडीला आली होती. टूलरूमच्या काकांनीच त्यांना बाजूला घेतलं आणि तिघांना घेऊन भंगारच्या पिशव्या उघडायला बसले. अकरापैकी नऊ सापडली. ऑडिटरनं दोन दिवसांची मुदत दिली आहे. दोन अजून नाहीत.

निवृत्त_लेखापाल

मूळ प्रती आल्या असतील तेव्हा आवक नोंदवहीत नोंद असेल. तारखेवरून शोधा. प्रयोगशाळेकडे दुय्यम प्रत ठेवलेली असते, पत्र पाठवून बसू नका, स्वतः जा.

शेवग्याची_शेंग

निघालेच काका. रिक्षात आहे.